बाहेरचा दाब

८ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. गुडघ्यांचं वाचून वाईट वाटलं, पण तिसऱ्या मजल्यावरचं घर तूच हट्टाने घेतलंस, तेव्हा जास्त बोलत नाही. मी फोन का घेत नाही असं तू तुझ्या भावजयीला, धाकटीला, विचारलंस म्हणे. अगं, फोनवर मला तू बोलते आहेस एवढंच कळतं, काय बोलते आहेस ते कळत नाही. बॉयलरच्या पोटात बसून हातोडे खाल्लेले हे कान. डाव्यात आता काही उरलं नाही, उजव्यात दिवसभर शिट्टी वाजते. त्यापेक्षा पत्र बरं. पत्रात तू कितीही ओरडलीस तरी शेजाऱ्यांना कळत नाही.

आता बातमी. मी पाणबुडी बांधतोय. एका माणसाची. आधी हसून घे, मग पुढचं वाच.

वस्तीबाहेरची दगडाची खाण तुला आठवते ना? ती बंद पडली, पाणी उपसणारा पंप थांबला आणि खाण काठोकाठ भरली. त्या पंपाचा बॉयलर अजून तळाशीच आहे. बाबांनी बांधलेला, आणि मी हातोडा हातात घेतला तो पहिल्यांदा त्याच्यावर. तो एकदा बघायचाय. डॉक्टर म्हणाला, पाण्यात बुडी मारायची नाही, कानाचे पडदे कागदासारखे झालेत, दाबाने फाटतील. मग मी म्हटलं, दाबालाच बाहेर ठेवू.

पाणबुडीचा सगळा जीव तिच्या कवचात असतो. बाहेर पाण्याचा दाब, आत आपली रोजची हवा, आणि मध्ये लोखंड. माझं कवच म्हणजे पाच मिलिमीटर पत्र्याची आडवी टाकी, खांदे मावतील एवढी रुंद. दोन्ही टोकांना बॉयलरसारखे घुमट, वर झाकण, समोर जाड काच. खाणीचा तळ पंचवीस मीटरवर आहे. तिथे जेवढा दाब असेल त्याच्या चौपट दाब मी देऊन पाहिला. टाकी पाण्याने गच्च भरली आणि पंप मारला. शिवणीवरून रुमाल फिरवला तर रुमाल कोरडा. तेव्हा काळजी नको.

धाकटी तिला पिंप म्हणते. तू तरी काही बरं नाव सुचव.

माया आहे तशीच ठेव, रागावलीस तरी चालेल.

तुझा
ठोक्या


१७ जानेवारी

चि. ठोक्यास अनेक आशीर्वाद.

तू सांगितलंस म्हणून आधी हसले. मग पुढचं वाचलं आणि गॅसवर चहा ठेवलाय हेच विसरले. सगळा उतू गेला. वय काय आपलं, तू करतोयस काय. पण तुला नको म्हटलं की तू ती गोष्ट दुप्पट जोराने करतोस, हे पाळण्यात होतास तेव्हापासून बघतेय. म्हणून नको म्हणत नाही. एक गोष्ट विचारते, तिचं नीट उत्तर दे.

तुझं आयुष्य बॉयलरमध्ये गेलं, माझं डब्यांत. फळांचे बंद डबे आमच्या कारखान्यात वाफेच्या मोठ्या भांड्यात शिजायचे. शिजताना डब्याला आतून दाब. टोकं फुगायची, पण डबा टिकायचा आणि निवला की पुन्हा होता तसा. घोटाळा व्हायचा तो निववताना. भांड्यात बाहेरून हवा जरा जास्त सोडली गेली की अख्खी रास एकदम चेपून आत बसायची. तोच डबा, तोच पत्रा. आतून जेवढं सोसायचा त्याच्या निम्मंही बाहेरून सोसत नसे. आणि बसायचा कुठून, तर जिथे आधीच जरासा पोचा असेल तिथून.

तू पाणी आत भरून पंप मारलास. तुझं पाणी तर बाहेर असणार आहे. रुमाल कोरडा राहिला म्हणजे टाकी गळत नाही, एवढंच मला त्यातून कळलं. ती चेपणार नाही हे कुठे कळलं?

आणि ती गोल किती आहे? दिसायला नाही, मोजून. मोजून कळव.

मला भीती वाटतेय, ठोक्या. दूध घ्यायला खाली उतरते तर जिन्यातसुद्धा तेच डोक्यात. पाठच्या भावाला लोखंडात बंद करून पाण्यात सोडणार, हे वाक्य मनात आलं की कठडा धरावा लागतो.

धाकटीला आशीर्वाद. पिंप हे नाव मला पटलं.

जीव लावून आहे, तो टांगणीला लावू नकोस.

तुझी
ताई


२ फेब्रुवारी

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

तुम्ही ह्यांना लिहिलेलं पत्र ह्यांनी मलाही वाचायला दिलं. क्रेनवाल्यालाही वाचून दाखवलं. क्रेनवाला म्हणजे ह्यांच्याच कारखान्यातला जुना सोबती, तोच ती टाकी पाण्यात सोडणार आहे. दोघं खूप हसले. ताईने माझी पाणबुडी फळांच्या डब्यांत काढली, म्हणाले. पण हसून झाल्यावर हे शेडमध्ये गेले आणि बराच वेळ टाकीभोवती टेप घेऊन फिरत होते. काय निघालं ते मला सांगितलं नाही. जेवताना तोंड फुगवलेलं होतं.

परवाचं सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगितलं तर मलाच वेडी ठरवतील. आतली हवा कशी पुरते ते बघायला हे झाकण लावून टाकीत बसले. टाकी शेडमध्येच, पाणीबिणी काही नाही. मला म्हणाले, काही लागलं तर ठोक. मी भाजी चिरून आले आणि सहज पान्याने ठोकलं. काही नाही. पुन्हा ठोकलं, जोरात ठोकलं, नावं ठेवत ठोकलं. वन्सं, माझ्या मनगटाला कळा लागल्या. काचेतून डोकावले तर हे डोळे मिटून बसलेले, चेहरा शांत, हालचाल नाही. तिथेच लोखंडाच्या किसात बसले. आता कुणाला हाक मारायची, हे झाकण बाहेरून कसं उघडतं, काही सुचेना.

थोड्या वेळाने आपले आपणच बाहेर आले. म्हणाले, आत शिट्टी जरा कमी वाजते, म्हणून डोळे मिटले होते. ठोकलेलं कळलंच नाही, हात भिंतीला लागलेला नव्हता. आणि मलाच विचारतात, खाली का बसलीस.

मला रडू आलं आणि रागही आला. हा माणूस त्यात बसून खाली गेला तर वरून आम्ही कितीही बोंब मारली तरी त्याला कळायचं नाही.

क्रेन पुढच्या पंधरवड्यात मोकळी आहे. माझं तर ऐकणारच नाहीत. ऐकलं तर तुमचंच. काय लिहायचं ते लौकर लिहा.

तुमचा आधार वाटतो, तो असाच राहो.

तुमची
धाकटी


६ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू मोजायला सांगितलंस, मोजलं. खोटं बोलत नाही. शिवणीच्या दोन्ही बाजूंना थोडा सपाट भाग आहे. पत्रा वाकवायच्या रोलमधून काढला की त्याच्या कडा पुरत्या वळत नाहीत, कुणाच्याच वळत नाहीत. गोलाईला कापलेला साचा धरला तर खाली करंगळी जाईल एवढं अंतर राहतं. बॉयलरला त्याचं काही वाटत नाही. वाफ भरली की आतला दाबच त्याला ढकलून गोल करतो. बाबांनी तसंच केलं, मी तसंच केलं, आणि आमचा एकही बॉयलर फाटला नाही.

धाकटीने तुला घाबरवलंय, हे तिच्या चेहऱ्यावरून कळतंय. तुम्ही दोघी मिळून मला लोणच्यासारखं बरणीत घालून ठेवणार आहात का? तुझा डबा म्हणजे पापडाएवढा पत्रा. माझ्या टाकीवर गाडी चढवली तरी ती हूं की चूं करायची नाही.

क्रेनवालाही आता तुझ्यासारखंच बोलायला लागलाय. म्हणतो, आधी माणसाशिवाय सोड, दगड भरून. त्याला सांगितलं ते तुलाही सांगतो. आमच्या कामात एक रीत आहे. बॉयलरला पहिली वाफ धरतात तेव्हा ज्याने तो बांधला तो माणूस त्याला पाठ टेकून उभा राहतो. काटा वर चढत असतो, बाकीचे लांबून बघत असतात आणि बांधणारा पाठ टेकून. बाबा उभे राहिले. पुढे मी उभा राहिलो, दर वेळी, आणि पाठीला ऊब लागली की माझं काम झालं असं मला वाटायचं. आता मी बांधलेल्या टाकीत आधी दगड बसवू आणि ते सुखरूप वर आले की मग मी बसू? असं करणाऱ्याला आमच्यात कुणी बॉयलर बांधायला दिला नसता.

या विषयावर आता पुरे. गुडघ्यांना शेक घेतेस का?

तोडून बोललो असेन तर तुझं मन मोठं आहे, सांभाळून घे.

तुझा
ठोक्या


११ फेब्रुवारी

चि. ठोक्यास अनेक आशीर्वाद.

पुरे कसं? हे पत्र शेवटपर्यंत वाच, मध्येच घडी घालून खिशात टाकू नकोस.

तूच लिहिलंयस, सपाट भाग आतल्या दाबाने गोल होतो. मग बाहेरचा दाब त्याच सपाट भागाला काय करेल ते सांग. तो त्याला आत ढकलेल. जेवढा ढकलेल तेवढा तो आणखी सपाट होईल, आणि जेवढा सपाट होईल तेवढा ढकलायला सोपा जाईल. इकडे त्याला गोल करणारं कुणीच नाही रे. एवढी वर्षं दाब तुझ्या बाजूने होता, तुझ्या चुका तोच निस्तरत होता. आता तो तुझ्या विरुद्ध बाजूला गेलाय आणि तू अजून त्याच्यावर विसंबून आहेस.

आता रीतीचं. तू शाळेत होतास तेव्हा बाबांना जेवण पोचवायला मी जायचे, त्यामुळे मला तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. बाबा पाठ टेकायचे ते वाफेच्या दिवशी. त्याच्या आधी थंड पाण्याची चाचणी असायची, आणि त्या दिवशी बाबा सगळ्यांना शेडबाहेर काढायचे. स्वतःसुद्धा भिंतीआड. मला तर फाटकातूनच परत पाठवायचे. त्याला भित्रेपणा म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. थंड चाचणी झाल्याशिवाय पाठ टेकणारा माणूस त्यांनी कामावर ठेवला नसता. तुझ्या टाकीची थंड चाचणी अजून झालेलीच नाही. तू केलीस ती उलटी झाली.

आणि जे लिहायला मला सगळ्यात जास्त भीती वाटते तेही लिहिते. पत्रा बसण्याआधी कुरकुरतो. आमचे डबेसुद्धा आधी टकटक करायचे. ज्याला ऐकू येतं त्याला तेवढी तरी सूचना मिळते, वर येण्याचा विचार करता येतो. तुला तीही मिळणार नाही. तुझ्याभोवती लोखंड ओरडत असेल आणि तू डोळे मिटून बसलेला असशील, धाकटीने पाहिलं तसा. हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. काल बाजारातही गेले नाही.

एवढंच कर. दोन सुक्या काठ्या काप. एक टाकीच्या आत शिवणीपासून समोरच्या भिंतीपर्यंत अगदी घट्ट बसव, दुसरी तिला आडवी. दगड भर, झाकण लाव आणि तळाशी सोड. वर आल्यावर काठ्या बघ. शाबूत असल्या तर पाठ टेकायला तू मोकळा, मी या विषयावर पुन्हा अक्षर काढणार नाही.

मोठी बहीण म्हणून एवढं ऐक. बाकी लोभाचं मी तुला काय सांगू.

तुझी
ताई


१९ फेब्रुवारी

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

हे काल झालं. घाईत लिहितेय, अक्षर लावून घ्या.

तुमचं पत्र आल्यावर हे दोन दिवस शेडकडे फिरकले नाहीत. मग शेडमधून काठ्या कापल्याचा आवाज आला. म्हातारीच्या समाधानासाठी करतोय, म्हणाले. काठ्या ह्यांनी स्वतः ठोकून बसवल्या. मग दगड भरले, झाकण आवळलं आणि टाकी ट्रकवरून खाणीवर गेली. मी पण गेले. घरी बसून काय करणार होते?

टाकी पाण्याखाली गेली तेव्हा नुसते बुडबुडे आले, मग तेही थांबले. दोर उतरत होता आणि हे क्रेनच्या खांबाला तळहात लावून उभे होते. टाकी तळाला टेकल्यावर थोडा वेळ तशीच ठेवली. आत दगड आहेत, आत दगड आहेत, असं मी स्वतःला सांगत होते.

वर आली तर वन्सं, कुठे काही नाही. पाणी निथळतंय, बाकी जशी गेली तशीच. झाकण उघडलं तर आत थेंब नाही. ह्यांनी क्रेनवाल्याच्या पाठीत अशी थाप मारली की तो कळवळला. मला म्हणाले, आजच ताईला लिही, तिचे डबे तिलाच लखलाभ. आणि तिथल्या तिथे कोट काढला. म्हणाले, क्रेन आहे, ऊन आहे, आत्ताच जातो. मी हात धरला तर हसत सोडवला. क्रेनवाला काही बोलेल म्हणून त्याच्याकडे पाहिलं, तर तोही हसतोय.

दगड काढायला सुरुवात झाली. ह्यांनी एक पाय आत टाकला होता. काठ्या वाटेत येतात म्हणून त्या काढायला वाकले आणि तसेच राहिले. बराच वेळ वर येईनात, म्हणून मी जाऊन डोकावले. शिवणीला लावलेली काठी मधोमध मोडली होती, दोन्ही तुकडे जागच्या जागी अडकलेले. आडवी काठी सुटून दगडांवर पडली होती. बाहेरून काही दिसत नव्हतं हो. मी बाहेरून पुन्हा पुन्हा पाहिलं.

ह्यांनी शिवणीवरून हात फिरवला, आतून आणि मग बाहेरून. पाय बाहेर काढला आणि तिथेच चिखलात बसले. क्रेनवाल्याने कोट आणून अंगावर टाकला.

तुम्ही त्या काठ्यांचं लिहिलं नसतं तर. मी याच्या पुढचं वाक्य लिहू शकत नाही.

तुमचा हात आमच्या डोक्यावर असू द्या.

तुमची
धाकटी


२६ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ताई, मी घाबरलोय. हे असं याआधी कधी लिहिल्याचं आठवत नाही.

सपाट भाग अर्धं बोट आत गेलाय. टाकी फुटली नाही, गळली नाही, नुसती दबली. म्हणजे मी बसलो असतो तर त्या दिवशी मला काहीच झालं नसतं. खाली जाऊन बाबांचा बॉयलर बघून वर आलो असतो आणि तुला चार ओळी खवचटपणे लिहिल्या असत्या. मग पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो असतो. त्या दुसऱ्या खेपेला ती मिटली असती. मला कळलंसुद्धा नसतं. हे मी दिवसातून किती वेळा मनाशी म्हणतो याला हिशेब नाही.

आता भलत्या गोष्टींची भीती वाटते. न्हाणीघराचं दार आतून लावत नाही. डोक्यावरून पाणी घेतलं की श्वास अडकतो. दवाखान्याच्या लिफ्टमध्ये शिरलो आणि दार बंद व्हायच्या आत बाहेर पडलो, लोक बघत राहिले. एवढी वर्षं बॉयलरच्या पोटात रांगत गेलो तेव्हा काही वाटलं नाही, कारण ते नेहमी माझ्या बाजूने होतं, तू म्हणालीस तसं. आणि बॉयलरची कामं आठवतात तेव्हा मनात येतं, त्यातल्या किती ठिकाणी मी बरोबर होतो आणि किती ठिकाणी वाफेने मला सांभाळून घेतलं?

शेडला कुलूप घातलंय. क्रेनवाल्याला सांगितलं, टाकी भंगारात ने. तो अजून आलेला नाही.

तू जिंकलीस. मला वाईट वाटत नाही.

सांभाळ मला.

तुझा
ठोक्या


५ मार्च

चि. ठोक्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दिवसभर देवासमोर बसावं इतकी सुटका वाटली. दोन दिवस नीट जेवले. मग धाकटीचं कार्ड आलं. तू अंगणात खुर्ची टाकून बसतोस, हत्यारांना हात लावत नाहीस, विचारलं तर हं म्हणतोस. शिट्टी वाढली का विचारलं तर मान हलवतोस, हो की नाही ते कळत नाही.

मला तू जिवंत हवा होतास. तो मिळालास. पण हा असा खुर्चीत ठेवलेला भाऊ घेऊन मी काय करू?

म्हणून सांगते. सांगावं की नाही यावर दोन पाकिटं फाडली, तिसरं टाकतेय. घरात फळांचा किंवा कसलाही पत्र्याचा डबा असेल तर हातात घे. त्याच्या पोटावर गोल वळ्या असतात, एकाखाली एक. त्या शोभेला नसतात. आमच्याकडे सपाट पोटाचे डबे यायचे तोवर रोज बसायचे, वळ्यांचे यायला लागल्यावर ते थांबलं. पत्रा तेवढाच, जाडीही तीच. लांब पोटाला मध्ये मध्ये कुणी धरून ठेवलं की ते आत जाऊ शकत नाही.

एवढंच मला माहीत आहे. पुढचं तुझं तू बघ. आणि बघितलं नाहीस तरी मी तुला एका शब्दाने विचारणार नाही.

जेवत जा. माझी माया आहेच, ती काही भंगारात जात नाही.

तुझी
ताई


२४ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बऱ्याच दिवसांनी लिहितोय, धाकटीने थोडंफार कळवलं असेलच. डबा हातात घेतला आणि स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. कुलूप काढलं. तो सपाट भाग शिवणीसकट कापून टाकला. नवा पत्रा आणला, कडा आधी ठोकून वळवल्या आणि मग पत्रा रोलमध्ये घातला. आतून वीत-दीड वीत अंतरावर, डब्याच्या वळ्यांसारख्या, गोल लोखंडी कड्या वेल्ड केल्या. आता आत बसलं की मोठ्या जनावराच्या बरगड्यांत बसल्यासारखं वाटतं. गोलाई रोज मोजतो. धाकटी म्हणते, एवढं तर तुम्ही माझ्याकडे कधी पाहिलं नाहीत.

माणसाशिवाय, दगड भरून तळाशी सोडली. काठ्या शाबूत. पुन्हा सोडली आणि दुपारभर तिथेच ठेवली. शाबूत. दर दोन कड्यांच्या मध्ये काठी लावली, एकही हलली नाही. दर वेळी झाकण उघडताना हात कापतात, क्रेनवाला तोंड फिरवून उभा राहतो. आता काठी मोडेल अशी मला खात्री वाटत नाही, पण मोडणार नाही अशीही वाटत नाही. पूर्वी वाटायची.

मला जायचंय, ताई. भीती गेलेली नाही, तशीच आहे, तरी जायचंय. बाबांचं काम बघायचंय. पण तू कुरकुरीचं लिहिलं होतंस ते मला सोडत नाही. म्हणून टाकीच्या आतल्या भिंतीला एक माइक चिकटवलाय. त्याची वायर दोराबरोबर काठावर येते, तिथे कानाला लावायचं यंत्र आणि एक बटण. काठावरच्या माणसाला लोखंडाचा बारीकसा आवाज आला की त्याने बटण दाबायचं, आत माझ्या डोळ्यांसमोर लाल दिवा लागतो. दिवा लागला की मी बुडाची वजनं आतून सोडतो आणि वर यायला निघतो, क्रेनने ओढण्यापेक्षा ते लवकर होतं.

धाकटी कानाला लावायला तयार नाही. म्हणते, पहिल्याच आवाजाला मी मरेन. क्रेनवाल्याचे कान माझ्याच कारखान्यातले, निम्मे गेलेले. ज्याने पत्रा बसताना ऐकलाय असा माणूस माझ्या ओळखीत एकच आहे.

तू ऐकशील का? नाही म्हणालीस तर मी जाणार नाही. यात रुसवा नाही, रागही नाही. टाकी शेडमध्ये राहील आणि पत्रात आपण गुडघ्यांबद्दल बोलू.

तुझं जे येईल ते मला मान्य.

तुझा
ठोक्या


३० एप्रिल

चि. ठोक्यास अनेक आशीर्वाद.

पत्र हातात पडलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं, सुटले. एक शब्द लिहायचा, नाही, आणि पाकीट टाकून यायचं. तेवढ्यासाठीच तर जानेवारीपासून माझा जीव थाऱ्यावर नाही. तो शब्द लिहिलासुद्धा. कागद टेबलावर ठेवून भाजी आणायला गेले. परत येऊन वाचला आणि मला तो सहन झाला नाही.

तू बिनधास्त होतास तेव्हा मी तुला कधीच हो म्हटलं नसतं. आता तुझे हात कापतात म्हणतोस, म्हणून म्हणते. घाबरलेला माणूस काठ्या नीट बघतो.

ऐकेन. पण माझ्या अटी आहेत. पहिल्या खेपेला तळाला जायचं नाही, निम्म्यावरून परत. बॉयलर नंतर, तो कुठे पळून जात नाही. लोखंडाचा आवाज कोणता आणि दोराचा कोणता, हे मला पाण्याखालचं काय कळणार? म्हणून मी कशालाही बटण दाबेन. मासा घासला तरी दाबेन. तू कारण विचारायचं नाहीस, वाद घालायचा नाहीस, लाल दिसलं की निघायचं. वर आल्यावर हवं तेवढं हसून घे. आणि तू आत शिरण्याआधी त्या कड्यांना एकदा मी हात लावणार. गुडघे दुखले तरी आत वाकून लावणार.

सोमवारच्या गाडीने येते. क्रेनवाल्याला स्टेशनवर पाठव, स्टेशनच्या जिन्यापर्यंत सामान माझं मी आणेन. अंथरूण खालच्या खोलीत घाला.

खोटं धैर्य दाखवत नाही. मला सगळ्यात जास्त भीती ज्या आवाजाची वाटते तो ऐकायला मी आपल्या पायांनी येतेय, आणि तो येऊ नये म्हणून त्याचीच वाट बघत बसणार आहे. पण तो ऐकायचाच असेल तर तुझ्याऐवजी कुणीतरी ऐकलेला बरा.

तुम्हा दोघांवर जीव आहे, तो सोबत घेऊन येते. धाकटीला एक सांगून ठेव. तू खाली असशील तेवढा वेळ माझ्याशी कुणी बोलायचं नाही, धीर द्यायला म्हणूनही नाही. मला ऐकायचं असेल.

तुझी
ताई